लोहमार्गाच्या लघुप्रतिकृतीतील वास्तव आणि संयम

लोहमार्गाची लघुप्रतिकृती रचणाऱ्यास प्रथम अडते ते कौशल्य नव्हे, जागा होय. ‘एचओ’ या नावाने रूढ असलेल्या प्रमाणात मूळ वस्तू सुमारे ८७ पट लहान होते. तरीही १ किलोमीटर मार्गासाठी साडेअकरा मीटर लांबीची खोली हवी. खेळण्यातील रुळांचे ४५७ मिलिमीटर त्रिज्येचे वळण मूळ मापात अवघ्या ४० मीटरांचे ठरते. मुख्य मार्गावर ही त्रिज्या शेकडो मीटर असते. सारांश, संपूर्ण अनुकरण अशक्य आहे. काही ना काही गाळावेच लागते; काय गाळावे, हाच खरा प्रश्न आहे.

यावर दोन उपाय संभवतात. सर्व घटक ठेवून प्रत्येक आखूड करणे, हा पहिला. त्यात गाडीचे इंजिन पुढच्या स्थानकात शिरते, तेव्हा शेवटचा डबा मागील स्थानकातच असतो. प्रवासाचा आभास तत्क्षणी भंगतो. दुसरा उपाय निवडीचा. आठ मार्गांच्या मालधक्क्यातील तीनच मार्ग ठेवावेत, परंतु ते गाडी मावेल इतके लांब असावेत. दोन स्थानकांऐवजी एकच असावे. तीव्र वळण टेकडीआड लपवावे. रंगांनाही हाच न्याय लागू होतो. प्रतिकृती जणू दुरून पाहिली जाते आणि दूरच्या वस्तूचे रंग हवेमुळे फिके भासतात. म्हणून मूळचा गडद रंग तेथे भडक दिसतो.

प्रमाणातील प्रत्येक च्युती मात्र घातक नसते. ब्रिटनमधील ‘ओओ’ पद्धतीत गाड्या १:७६.२ प्रमाणाच्या, परंतु रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. हिशेबाने ते १८.८३ हवे. लहान ब्रिटिश इंजिनांत तत्कालीन मोटारी मावेनात, म्हणून रूळ तेच ठेवून गाड्या किंचित मोठ्या केल्या गेल्या. ही विसंगती सर्वत्र सारखी असल्याने बहुतेकांच्या दृष्टीस ती खटकत नाही. ती संकेत बनली आहे.

तथापि संयमाचे स्वरूप हेतूनुसार पालटते. पीटर डेनी यांनी बकिंगहॅमला ‘ग्रेट सेंट्रल’चा शाखामार्ग आल्याची कल्पना करून त्यास सुसंगत इतिहास दिला; तेथे संयम म्हणजे त्या कल्पनेशी विसंगत असे काहीही न घेणे. याउलट रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये स्थापिलेल्या पेंडन संग्रहालयात १९२०-३० च्या सुमाराचे व्हाइट हॉर्स खोरे साकारले आहे. तेथील घरे प्रत्यक्ष घरांवरून घेतलेली आहेत. लोपत चाललेल्या ग्रामजीवनाची ती नोंद असल्यामुळे तेथे आवर घालावा लागतो तो कल्पनेलाच. सोयीसाठी छपराचा आकार बदलणे ही पहिल्या ठिकाणी रचना ठरेल, दुसऱ्या ठिकाणी खोटी साक्ष.

यावरून असे म्हणता येईल की, प्रतिकृतीचे वास्तव तपशिलांच्या संख्येवर अवलंबून नसते. जे ठेवले त्याचे परस्परसंबंध मूळासारखे राहिले, तर गाळलेले पाहणारा स्वतःच पुरे करतो. ते संबंध तुटले, तर अचूक घडविलेले इंजिनही खेळणेच राहते.