जमिनीची गोष्ट, लेखांक 7 : घर बांधायचा हक्क विकून टाकलेली शेतं

मागच्या लेखांकात आपण झोनिंग पाहिलं. नकाशावर हिरवा पट्टा ओढायचा आणि त्यात बांधकामाला बंदी घालायची. हा पट्टा ओढायला एक ठराव लागतो, पुसायलाही एकच ठराव पुरतो. या पद्धतीचं दुखणं तेच. हिरव्या पट्ट्याचा पिवळा पट्टा कसा होतो, हे पुणे, नाशिक, ठाण्याच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना मी सांगायला नको. अमेरिकेतही हेच होत आलं. पण तिथे काही ठिकाणी शेतकरी आणि शेजाऱ्यांनी मिळून एक वेगळा तोडगा काढला. त्यात बंदी नाही, चक्क खरेदी-विक्री आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल 1937 मध्ये खुला झाला. पूल ओलांडला की उत्तरेला मरिन काउंटी लागते. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा घटक. पुलामुळे काउंटीच्या पूर्व भागात उपनगरं फोफावली. पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, मात्र गवताळ टेकड्या आणि गाईंचे गोठे होते. पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हा टेकड्या हिरव्या. उन्हाळ्यात सगळं गवत वाळून पिवळं. या कुरणांवर पिढ्यानपिढ्या दूधधंदा चालत आलेला. 1960 च्या दशकात काउंटीनं ठरवलं की टोमालेस बे या खाडीच्या परिसरात सुमारे सव्वा लाख वस्तीचं शहर उभं करायचं आणि तिथवर फ्रीवे न्यायचा. आराखडा मंजूरही झाला. मग निवडणुका झाल्या, काउंटीच्या मंडळातली माणसं बदलली आणि 1971 मध्ये तो आराखडा रद्द झाला. पुढच्याच वर्षी तिथे नवा नियम आला : 60 एकरांमागे एक घर, जास्त नाही. गुंठेवारी बघून तयार झालेल्या आपल्या डोळ्यांना हे प्रमाण परीकथेतलंच वाटेल.

शहर टळलं म्हणून पर्यावरणवाले खूश होते, पण बरेच शेतकरी भडकले. त्यांचा राग हावरेपणाचा नव्हता, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. दूधवाल्याला पेन्शन नसते. गोठा वाढवायचा असला की कर्ज जमिनीच्या तारणावर मिळतं, आणि वय झाल्यावर आधार असतो तो जमिनीच्या किमतीचा. ती किंमत गवतामुळे आलेली नसते, उद्या इथे बंगले होतील या शक्यतेमुळे आलेली असते. नियमानं ती शक्यता एका फटक्यात कापली. टेकड्यांची शोभा सगळ्या काउंटीची झाली आणि तिचा खर्च पडला काही मोजक्या घरांवर. शिवाय मंडळ एकदा बदललं तसं पुन्हाही बदलू शकतंच. म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान आज झालेलं, आणि जमीन वाचेल याची खात्री तरीही नाही.

एलन स्ट्रॉस या दूधधंद्यातल्या बाई. मूळच्या ॲमस्टरडॅमच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्यांच्या ज्यू कुटुंबानं हॉलंड सोडलं होतं. त्यांची मैत्रीण फिलिस फेबर जीवशास्त्रज्ञ. एक गोठ्याकडून आलेली, दुसरी पाणथळ जमिनींच्या अभ्यासातून. दोघींनी 1980 मध्ये मरिन ॲग्रिकल्चरल लँड ट्रस्ट ही संस्था उभी केली. केवळ शेतजमिनीसाठी स्थापन झालेला अमेरिकेतला हा पहिला लँड ट्रस्ट. संस्थेचं सांगणं साधं होतं : शेतकऱ्यानं बांधकामाची शक्यता सोडावी असं समाजाला वाटत असेल, तर समाजानं तिचे पैसे मोजावेत. आणि पैसे मोजले की तो सौदा कायमचा.

या सौद्याला कॉन्झर्वेशन ईझमेंट म्हणतात. मालकी म्हणजे हक्कांची मोळी, असं अमेरिकेत कायद्याच्या वर्गात शिकवतात. जमीन कसण्याचा हक्क, ती विकण्याचा, मुलांना देण्याचा, गहाण टाकण्याचा, भाड्यानं देण्याचा आणि तिच्यावर बांधण्याचा हक्क, अशी एकेक काठी. ईझमेंटमध्ये शेतकरी बांधकामाची आणि जमिनीचे तुकडे पाडण्याची काठी तेवढी उपसून संस्थेच्या हवाली करतो. बाकी मोळी त्याच्याच डोक्यावर. संस्थेला मात्र ती काठी वापरता येत नाही. तिनं ती नुसती जपून ठेवायची.

आपल्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो तशी याची नोंद जमिनीच्या कागदपत्रांत होते. फरक एवढाच की हा बोजा फेडून उतरवता येत नाही. जमीन उद्या विकली तर घेणाऱ्यावर तो चढतो आणि वारसांवरही. पुढच्या कुणी येऊन 'मी कुठे सही केली होती?' म्हटलं तर उपयोग नाही.

किंमत कशी ठरते? मूल्यांकन करणारा दोन आकडे काढतो. समजा एका कुरणाचा बाजारभाव 30 लाख डॉलर आहे. तेच कुरण, त्यावर कधीच वसाहत होणार नाही असं धरून, 18 लाखांचं ठरलं. मधले 12 लाख म्हणजे त्या काठीची किंमत. ही रक्कम शेतकऱ्याला रोख मिळू शकते. त्यातून तो कर्ज फेडतो, गोठा दुरुस्त करतो, किंवा शहरात गेलेल्या भावा-बहिणींचे हिस्से चुकते करून जमीन एका हातात ठेवतो. शेवटचा उपयोग आपल्याकडच्या कुठल्याही एकत्र कुटुंबाला समजावून सांगावा लागणार नाही. किंवा तो हक्क दानही करता येतो. मग तेवढ्या रकमेवर आयकरात सवलत मिळते. अमेरिकेत मोठ्या संपत्तीवर मालकाच्या मृत्यूनंतर कर लागतो, आणि तो लागताना जमीन बिल्डरच्या भावानं मोजली गेली तर कर भरण्यासाठीच जमीन विकायची पाळी येते. ईझमेंट असलं की मोजणी कमी भावानं होते.

पैसा प्रामुख्यानं लोकांच्या खिशातून येतो, तोही त्यांना विचारून. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सफोक काउंटीनं 1974 मध्ये बटाट्याच्या शेतांचे बांधकाम-हक्क विकत घेण्याचा कायदा केला आणि 1977 मध्ये पहिली खरेदी केली. सरकारी पैशानं असे हक्क घेणारी ती पहिली काउंटी. मरिनच्या मतदारांनी 2012 मध्ये विक्रीकरात पाव टक्का वाढ स्वतःहून मंजूर केली. उद्यानं आणि मोकळ्या जागांबरोबर शेतजमिनीलाही त्यातला वाटा मिळतो. आज या ट्रस्टच्या करारांखाली 50,000 एकरांहून जास्त जमीन आहे.

सही झाली की संस्थेचं खरं काम सुरू होतं. कराराआधी जमिनीचं सविस्तर टिपण तयार होतं : गोठे किती, कुंपणं कुठे, पाण्याचं तळं केवढं, ओढ्याकाठची झाडी किती, आणि ठरलेल्या ठिकाणांहून काढलेले फोटो. घर, गोठा, कामगारांची खोली यांच्यासाठी नकाशावर एक चौकोन आखून दिलेला असतो. वाढवायचं ते त्या चौकोनातच. मग दरवर्षी संस्थेचा माणूस येतो, जुने फोटो हातात धरून त्याच जागांवर उभा राहतो आणि ताडून बघतो. ओढ्यात भराव पडलाय का? चौकोनाबाहेर नवं छप्पर दिसतंय का? तक्रार असेल तर आधी बोलणी, नाहीतर कोर्ट. हा उद्योग अक्षरशः कायमचा असतो, म्हणून जबाबदार संस्था प्रत्येक करारामागे देखरेखीसाठी आणि खटल्यांसाठी वेगळा निधी बाजूला टाकतात. ज्या संस्थेकडे हा निधी नाही तिच्या ईझमेंटवर मी तरी विसंबणार नाही.

सगळ्यांनाच सरकारी पैसा रुचतो असं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत ॲमिश लोकांची शेती आहे. घोड्याच्या बग्गीतून फिरणारा, सरकारी मदतीपासून शक्यतो लांब राहणारा हा समाज. तिथे काउंटीची स्वतःची योजना होती, पण सरकारशी करार करायला अनेक ॲमिश कुटुंबं तयार नव्हती. त्यांच्यासाठी 1988 मध्ये लँकेस्टर फार्मलँड ट्रस्ट ही खाजगी संस्था निघाली. दोन्ही वाटांनी मिळून त्या काउंटीत एक लाखाहून अधिक एकर शेती राखली गेली आहे.

आता या पद्धतीची दुसरी बाजू. ईझमेंट जमीन वाचवतं, शेतकऱ्याला वाचवतंच असं नाही. दुधाचे भाव पडले तर करार काहीच करू शकत नाही. एलन यांच्या मुलानं, आल्बर्ट स्ट्रॉस यांनी, 1994 मध्ये सेंद्रिय दुधाची स्वतःची डेअरी काढली. गोठा चालतो तो अशा चढ्या भावाच्या दुधावर, हक्क विकून आलेले पैसे एकदाच मिळतात. शिवाय बंगल्यांची वसाहत होऊ शकत नाही, पण एक बंगला? चौकोनातल्या जुन्या घराच्या जागी एखादा धनाढ्य मोठं घर बांधतो, खिडकीतून टेकड्या बघतो आणि गाई विकून टाकतो. करार मोडला का? कागदावर नाही. कुरण मात्र गेलं. मरिनच्या ट्रस्टला हे दिसल्यावर त्यांनी करारात शेती चालू ठेवण्याचं बंधन घालायला सुरुवात केली. व्हरमाँटमध्ये आणखी कडक अट आहे : जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला काढली, तर संस्थेला ती शेतीच्या भावानं आधी घेता येते. मला ही अट सगळ्यांत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळे पुढच्या तरुण शेतकऱ्यालाही दारात उभं राहता येतं.

आणि जिथे करसवलत तिथे पळवाट आलीच. काही दलालांनी गुंतवणूकदारांचे गट जमवून पडीक जमिनी घेतल्या, त्यांचं मूल्यांकन अवाच्या सवा फुगवलं, ईझमेंट दान केलं आणि गुंतवलेल्या पैशाच्या कित्येक पट वजावट लाटली. शेतीशी या गटांचा काडीचा संबंध नव्हता. अमेरिकी संसदेनं 2022 मध्ये कायदा करून अशा गटांची वजावट गुंतवणुकीच्या अडीच पटींवर रोखली.

आपल्याकडे हे जमेल का, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेलच. आपला सुविधाधिकार कायदा 1882 चा. वाट-वहिवाट, पाण्याचा पाट, उजेड-वारा अशा हक्कांसाठी तो केलेला. त्यात लाभ घेणारी एक जमीन लागते आणि भार सोसणारी दुसरी. लगत स्वतःची जमीन नसलेली संस्था असा हक्क धरू शकत नाही. अमेरिकेतही जुन्या इंग्रजी कायद्यामुळे हीच अडचण होती. विल्यम व्हाइट या पत्रकार-अभ्यासकानं 1959 पासून या कल्पनेचा पाठपुरावा केला, 1981 मध्ये राज्यांसाठी नमुना कायदा तयार झाला आणि एकेका राज्यानं आपापले कायदे करून ती गाठ सोडवली. महाराष्ट्रात संस्थेनं शेजारचा तुकडा घेऊन वाट काढावी म्हटलं, तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला कूळकायदा आडवा येतो.

कायदा झाला असं धरलं तरी हिशेब वेगळाच बसतो. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर, आणि सातबाऱ्यावर नावं मात्र आत्यांची, चुलत्यांची, परगावी गेलेल्या चुलतभावांची. मरिनमध्ये एका सहीत शेकडो एकर येतात. तेवढीच जमीन इथे करारात आणायला सह्या किती लागतील आणि दरवर्षी बांधावर फेऱ्या किती होतील, याचा अंदाज तलाठ्यांनाच विचारावा. त्यापेक्षा जवळचा वाटणारा एक रस्ता आहे, आणि मुंबईत फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकानं त्याचं नाव ऐकलेलं आहे : टीडीआर. मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीनं 1980 मध्ये 93,000 एकरांच्या पट्ट्यात 25 एकरांमागे एक घर असा नियम केला, आणि शेतकऱ्याला दर पाच एकरांमागे एक हक्क दिला, जो तो शहराजवळच्या बिल्डरला विकू शकतो. करदात्यांऐवजी पैसे बिल्डरनं मोजायचे. मुंबईत 1991 च्या नियमावलीपासून टीडीआर मिळतो तो आरक्षित भूखंड महापालिकेला सोडल्याबद्दल. मॉन्टगोमेरीत जमीन शेतकऱ्याकडेच राहते. या एका फरकानं काय काय बदलतं, आणि त्या हक्कांचा बाजारभाव पडला की शेतकऱ्याचं काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.