फेरतपासणीला मासेमारी बंदीची वाट बघू नका

एकदा दुरुस्त केली म्हणून बोटीचा तळ पुन्हा बघायचा नाही, असं कुठलाच बोटमालक करत नाही. मेलेनोमा या कातडीच्या कॅन्सरवर ऑपरेशन झालेल्या तरुणाचं मात्र तसंच होतं. जखम भरली की पोरगा ट्रॉलरवर चढतो आणि फेरतपासणी राहते ती राहतेच.

कारणं आपल्याला ठाऊक आहेत. दुखत काही नाही. बोट चार-पाच दिवस दर्यात, तारीख नेमकी तेव्हाच. बांबोळीला जायचं तर रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. आणि उघड कोणी बोलत नाही ते कारण म्हणजे लग्न. नाव होईल म्हणून फाईल कपाटात जाते.

"जून-जुलैच्या बंदीत बघू," असं म्हणतात. पण हा आजार परत येण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त. म्हणून या काळात डॉक्टर साधारण तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात. वर्षातून एकदाच गेलात तर मधल्या तारखा चुकतात.

"आपल्या रंगाला हा आजार होत नाही," हेही खरं नाही. आपल्याकडे तो कमी आढळतो. पण आढळतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नाही, म्हणजे नुसती टोपी घालून भागत नाही. गायक बॉब मार्ली यांना 1977 साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलेनोमा सापडला. 1981 साली ते 36व्या वर्षी गेले.

आपल्या पायाला दोरी, शेंगाळ्याचा काटा, काहीतरी लागतंच. मार लागून आलेला काळा डाग नखासोबत हळूहळू पुढे सरकतो. जागचा न हलणारा, रुंद होणारा काळा पट्टा, न भरणारी जखम, जांघेत किंवा काखेत गाठ दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

घरच्यांनो, महिन्यातून एकदा त्याची पाठ, तळपाय, बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. त्या जागा त्याच्या त्याला दिसत नाहीत. डागाचा फोटो मोबाईलवर ठेवा, म्हणजे बदल कळतो.

बोटमालकांनो, खलाशाची तारीख आधी विचारून घ्या आणि ती फेरी दुसऱ्याला द्या. एका दिवसाची रजा दिली तर तो पोरगा पुढची कित्येक वर्षं तुमच्या बोटीवर असेल.