बोअरची मोटर एआयच्या हाती देण्याआधी

धाराशिव जिल्ह्यात मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणे आता नवलाईचे राहिलेले नाही. शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. त्यामुळे अंधारात बांधावर जाण्यापेक्षा मोबाईल स्टार्टर परवडतो. घरांतही वायफायवरचे स्विच आणि टाकीतली पातळी सांगणारे सेन्सर बसू लागले आहेत. ही उपकरणे एआय एजंटला, म्हणजे सांगितलेले काम स्वतः टप्पे ठरवून पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला, जोडणेही आता शक्य आहे. मात्र त्याआधी प्रत्येक उपकरणाची माहिती नीट लिहून ठेवायला हवी.

एजंटला काय कळते?

होम असिस्टंट ही घरातली उपकरणे एकत्र चालवणारी मुक्त प्रणाली २०१३ पासून विकसित होत आहे. एआय प्रोग्रॅमना बाहेरची साधने जोडण्यासाठी अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' (एमसीपी) हे खुले मानक जाहीर केले. २०२५ च्या सुरुवातीला होम असिस्टंटमध्येही त्याची सोय झाली. या पद्धतीत एजंटला प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि ते वापरताना पुरवायची माहिती मिळते. मोटरचा बदललेला आवाज त्याला ऐकू येत नाही. घरातल्या माणसांना सवयीने ठाऊक असलेली गोष्ट लिहिली नसेल, तर ती त्याच्या लेखी नसतेच.

नाव घरातलेच द्या

'स्विच ४' या नावावरून काहीच कळत नाही. 'अंगणातली बोअर मोटर', 'गच्चीवरची टाकी', 'गोठ्यातला दिवा' अशी नावे द्यावीत. होम असिस्टंटमध्ये एका उपकरणाला पर्यायी नावेही देता येतात. घरातली वडीलधारी माणसे जे म्हणतात तेही त्यात घालावे. आपल्याकडे 'लाईट' म्हणजे दिवाही आणि वीजही. 'लाईट आली की मोटर लाव' या वाक्यात वीजपुरवठा अभिप्रेत आहे, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

वर्णनात काय हवे?

• काम: साधन नेमके काय करते आणि काय करत नाही.
• अट: ते कधी वापरायचे, कधी नाही.
• मर्यादा: सलग किती वेळ चालवायचे, मध्ये किती विश्रांती द्यायची.
• खात्री: आज्ञा पोहोचली म्हणजे मोटर सुरू झाली असे नव्हे, ती चालते आहे हे कशावरून ओळखायचे.
• वीज गेल्यावर: राउटर बंद पडला तर उपकरण दिसेनासे होते, तेव्हा अंदाजाने काही करू नये. वीज परतल्यावर मोटर आपोआप सुरू होते की बंदच राहते, हेही नोंदवावे.

एक नमुना

आपला जिल्हा अवर्षणप्रवण, जमिनीखाली काळा पाषाण. उन्हाळ्यात बोअर थोडा वेळ पाणी देते आणि मग गचके खाते. कोरडी चाललेली मोटर जळते. म्हणून नोंद अशी असावी (आकडे आपल्या बोअरप्रमाणे बदलावेत):

'अंगणातली बोअर मोटर. गच्चीवरची टाकी भरते. टाकी ३० टक्क्यांच्या खाली असेल तरच सुरू करावी, ९० टक्क्यांवर बंद करावी. मार्च ते जूनमध्ये सलग २० मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये. नंतर दोन तास थांबावे. सुरू केल्यावर ५ मिनिटांत पातळी वाढली नाही, तर लगेच बंद करून घरच्यांना कळवावे. सेन्सरचे वाचन मिळत नसेल, तर सुरू करू नये.'

'गरजेप्रमाणे पाणी भरावे' एवढेच लिहिले असते, तर यातले काहीही एजंटला कळले नसते.

परवानगीच्या पायऱ्या

टाकीची पातळी पाहण्यात धोका नाही. मोटर लावण्यात आहे. एमसीपीमध्ये साधन केवळ वाचणारे आहे की बदल करणारे, अशी खूण करता येते. पण ती खूण फक्त सूचना असते, कुलूप नव्हे. होम असिस्टंटमध्ये एजंटला कोणती उपकरणे दाखवायची हे आपण ठरवू शकतो. सुरुवातीला फक्त पातळी दाखवावी. मोटर दिली तरी दर वेळी माणसाचा होकार घेण्याची व्यवस्था ठेवावी.

कागदावर विसंबू नये

एजंट चुकू शकतो, इंटरनेट तुटू शकते. म्हणून कोरडी मोटर थांबवणारे संरक्षण, एक फेज गेल्यावर मोटरची वीज तोडणारे उपकरण आणि हाताने बंद करायचा स्विच स्टार्टरपाशी असलाच पाहिजे. तिथे एजंटची हुशारी चालत नाही आणि चालूही नये.

नोंद जिवंत ठेवा

मोटर बदलली, बोअरचे पाणी कमी झाले किंवा पावसाळा लागला की नोंद बदलावी आणि तारीख टाकावी. तिची एक प्रत छापून स्टार्टरच्या पेटीत ठेवावी. घरी एकटी असलेली आजी असो की नवा वायरमन, मोटर सांभाळायला एजंटला लागते तीच माहिती त्यांनाही लागते.