मोहफुलाची चव कुठे ठरते

बोर्डोच्या लाल वाइनचा भरदारपणा मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून येतो. कॅबर्ने सोव्हिनियों द्राक्षांचा रस सालीसकट आंबवतात, म्हणून रंग आणि तोंड कोरडं करणारं टॅनिन दोन्ही वाइनमध्ये उतरतात. गोंदियाच्या रानातली मोहाची दारू मात्र रंगहीन असते. तिची चव येते कुठून? माझ्या मते ती भट्टीवर ठरत नाही, त्याआधी अंगणातल्या वाळवणावर ठरते.

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात मोह जंगलात आहे तसा धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवरही आहे. मार्च-एप्रिलमध्ये तो फुलतो. रात्री वटवाघळं येतात आणि पहाटे फिकट पिवळसर, गरदार पाकळ्यांचा भाग तेवढा गळून पडतो. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो, म्हणून फुलं वेचल्याने झाडाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पाचोळा जाळून जागा मोकळी केल्याने: रानात वणवा शिरतो आणि फुलं राखेत पडतात. झाडाखालची जागा झाडून घ्यावी, नाहीतर जाळी बांधावी. वेचायचं उजाडल्यावर लगेच, पण नागझिरा अभयारण्याच्या आसपास एकट्याने नाही. मोहफुलं अस्वलालाही तितकीच आवडतात.

ताजं फूल रसाळ असतं आणि लवकर आंबतं. पातळ पसरून कडक उन्हात वाळवलं की ते आकसून लालसर तपकिरी होतं, आणि मग त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच उरते. ढिगात ठेवलं तर आत ओल राहते आणि बुरशी धरते.

वाळलेली फुलं पाण्यात भिजवली की सडवा तयार होतो. यीस्ट काही दिवसांत साखरेची दारू करतं. सडवा तापवला की पाण्याच्या आधी, ७८ अंशांना उकळणारी दारू वाफेत जास्त चढते आणि थंड भांड्याला लागून ठिबकते. साखर, रंग, टॅनिन सगळं खालीच राहतं. वर जातो तो वास, चांगला आणि वाईटही. ओल्या फुलांचा कुबट वास भट्टीवर जात नाही, तो थेट धारेत उतरतो.

घरी दारू गाळणं महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. फुलांच्या साठवणुकीवरचे निर्बंध मात्र राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. म्हणून चव घ्यायची तर फुलाचीच घ्यावी. लाडवांसाठी घेतानाही परीक्षा हीच. वाळलेलं फूल बोटांत दाबून बघा, ते चिवट लागावं पण चिकटू नये. हुंगा: मधाचा, किंचित उग्र वास हवा, आंबूस नको. मग सावकाश चावा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. आधी मनुकेसारखा गोडवा येतो, पाठोपाठ हलका तुरटपणा, आणि वास नाकात बराच वेळ टिकतो. तो टिकला नाही तर फूल जुनं आहे.