तिरकी रेघ

युक्रेनमध्ये 2022 पासून मोठं युद्ध पेटलंय आणि तिथले अमूर्त चित्रकार अजून रंगवताहेत. माणसं मरत असताना नुसते रंग आणि रेघा कशाला, असं कुणीतरी विचारतंच. या प्रश्नाचा माग काढायला भिवंडीहून निघता येतं.

भिवंडी, 7 मे 1970

शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि तिचं लोण जळगाव, महाडपर्यंत गेलं. पुढे न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. दंगलीनंतर अभिनेते बलराज साहनी भिवंडीत आले, सोबत धाकटे भाऊ भीष्म. जळक्या घरांमधून फिरताना भीष्म साहनींना 1947 चं रावळपिंडी आठवलं. तिथे ते काँग्रेसच्या मदतकार्यात होते आणि उद्ध्वस्त गावं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. परतल्यावर त्यांनी ‘तमस’ लिहायला घेतली. तिला 1975 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कादंबरी फाळणीच्या वेळची आहे, भिवंडी तिच्यात कुठेच येत नाही. तरी 23 वर्षं मनात पडून राहिलेलं वर आलं ते या यंत्रमागांच्या गावात.

खिडकीतून दिसलेला खून

चित्रकार तैयब मेहता (1925–2009) यांचंही असंच झालं. 1947 च्या दंगलीत मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरच्या खिडकीतून त्यांनी खाली एका तरुणाला जमावाने दगडांनी ठेचून मारताना पाहिलं. त्यानंतर ते कित्येक दिवस तापाने फणफणले होते. त्याच वर्षी ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण तो रस्ता, ते दगड त्यांनी जसेच्या तसे रंगवले नाहीत. आधी आला मुसक्या बांधलेला बैल, मग 1960 च्या दशकात कोसळणारा माणूस.

1969 मध्ये एक चित्र काही केल्या जमेना, तेव्हा वैतागून त्यांनी कॅनव्हासवर काळ्या रंगाचा तिरका फटकारा मारला. तिथून त्यांची ‘डायगोनल’ मालिका सुरू झाली. आडवी रेघ डोळ्याला जमीन वाटते, उभी रेघ खांब. तिरकी मात्र कलंडते. मेहतांच्या चित्रांत ती माणसाला मधोमध चिरत जाते. हात एकीकडे, चेहरा दुसरीकडे, भोवती सपाट रंग. रक्ताचा थेंब नाही. अशा सपाट रंगांची ताकद त्यांनी न्यूयॉर्कमध्ये बार्नेट न्यूमनच्या चित्रांत पाहिली होती.

मेहता पूर्ण अमूर्त चित्रकार नव्हेत, माणसाची आकृती त्यांनी कधी सोडली नाही. पण हिंसेचा तपशील गाळून फक्त तिचा झटका ठेवायचा, ही रीत अमूर्ताचीच. माझ्या मते म्हणूनच ती चित्रं जुनी होत नाहीत. दंगलीचा फोटो त्या दंगलीपुरता असतो; ही रेघ कुठल्याही गल्लीत लागू पडते.

काळा चौकोन

अमूर्त कला ही सुखवस्तू दिवसांची चैन, हा समज इतिहासात टिकत नाही. काझिमिर मालेविच हा कीव्हमध्ये जन्मलेला चित्रकार. त्याचा ‘काळा चौकोन’ पहिल्यांदा टांगला गेला डिसेंबर 1915 मध्ये, पेत्रोग्रादला, ऐन पहिल्या महायुद्धात. जागाही कुठली? भिंतीचा वरचा कोपरा, जिथे रशियन घरांत देवाच्या तसबिरी असतात. म्हणजे आपल्याकडच्या देवघरातच काळा चौकोन ठेवण्यासारखं. पुढच्याच वर्षी मालेविचला सैन्यात जावं लागलं.

मिळालेला आणि न मिळालेला वेळ

साहनींना 23 वर्षं मिळाली, मेहतांना तिरक्या रेघेपर्यंत 22. जखमेवर खपली धरली, मग हात चालला. आजच्या युक्रेनी चित्रकाराला एवढी सवड नाही. ऑक्टोबर 2022 पासून तिथल्या वीजकेंद्रांवर रशियाचे हल्ले होताहेत आणि तासन्‌तास वीज जाते. वीज गेली की काय काय थांबतं, हे भिवंडीच्या मागवाल्यांना सांगायला नको. मागाला वीज लागते, तसा चित्रकाराला उजेड. मेणबत्तीपाशी निळा धड निळा दिसत नाही. आणि डिसेंबरात कीव्हमध्ये दुपारी चारलाच अंधार पडतो.