स्वस्त गाण्यांच्या महाग तबकड्या

तबकडी म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो भोंग्यासमोर बसलेला कुत्रा, काळी चकचकीत थाळी आणि वडीलधाऱ्यांची ताकीद, "हात लावू नकोस, चरे पडतील!" नाट्यसंगीताच्या, भावगीतांच्या, जुन्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या जपणारे हौशी लोक आपल्या ओळखीचे असतात. आज ज्या संग्राहकांविषयी मी सांगणार आहे, ते मात्र अगदी निराळ्या संगीतामागे लागलेले आहेत. हे संगीत कर्कश आहे, घाईचं आहे आणि ते वाजवणाऱ्या अनेकांना सुरुवातीला वाद्य नीट धरताही येत नव्हतं. त्याचं नाव पंक. आणि त्याच्या अधिक वेगवान, अधिक रांगड्या धाकट्या भावाचं नाव हार्डकोअर.

ही गाणी गाणाऱ्यांनी ती मुद्दाम स्वस्तात विकली. आज त्याच तबकड्यांच्या पहिल्या आवृत्तीला हजारो आणि क्वचित लाखो रुपये मोजणारे लोक जगभर आहेत. स्वस्ताईचा आग्रह धरणाऱ्या संगीताचं असं का झालं, आणि त्यात काय हरवलं, काय वाचलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंड-अमेरिकेतलं रॉक संगीत फार मोठं झालं होतं. प्रचंड मैदानं, महागडी वाद्यं, वीस-वीस मिनिटांची गाणी. त्याला कंटाळलेल्या पोरांनी गाणं पुन्हा दोन-अडीच मिनिटांवर आणलं. न्यूयॉर्कच्या 'रामोन्स' या बँडच्या १९७६ सालच्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी आहेत आणि ती अर्ध्या तासाच्या आत संपतात. तीन सूर येत असतील तर उठा आणि बँड काढा, असा तो एकूण बाणा.

पण बँड काढणं वेगळं आणि तबकडी काढणं वेगळं. तबकडी काढायची तर कंपनीचं दार ठोठवायचं, हाच तोवरचा रिवाज होता. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने तो मोडला. त्यांनी मित्रांकडून आणि घरच्यांकडून मिळून पाचशे पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' नावाची छोटी तबकडी स्वतःच बाजारात आणली. पहिल्या एक हजार प्रती हातोहात गेल्या, पुढे काही महिन्यांत हा आकडा सोळा हजारांच्या घरात पोचला. कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात जमलं, हेही त्यांनी कव्हरवर छापलं होतं. यात जादू काही नाही, तुम्हीही करू शकता, हे सांगण्याची ती रीत होती.

आता एक हजार हाच आकडा का? यासाठी तबकडी कशी तयार होते ते पाहू. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारख्या मऊ द्रव्याचा लेप असतो. त्यावर एक सुई आवाजाच्या कंपनांबरहुकूम खाच कोरत जाते. या कोरलेल्या चकतीवर चांदीचा पातळ थर आणि त्यावर निकेल चढवून तिचा धातूचा साचा काढतात. अशा दोन साच्यांच्या मधे विनाइल प्लास्टिकचा गरम गोळा ठेवून यंत्राने दाबला की दोन्ही बाजूंना खाचा उमटलेली तबकडी तयार होते. यातला बराचसा खर्च आधीचा, म्हणजे कोरण्याचा आणि साच्याचा. तो एक प्रत काढली तरी तेवढाच आणि हजार काढल्या तरी तेवढाच. म्हणून पाच-पन्नास प्रती काढणं परवडत नाही, आणि फार काढल्या तर पलंगाखाली खोके पडून राहतात. बहुतेक नवख्या बँडचा हिशेब त्यामुळे पाचशे ते हजार प्रतींवर येऊन थांबायचा.

या हिशेबावरून एका अल्बमचं नावच पडलं. 'क्रास' या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम १९७८ मध्ये निघाला, तेव्हा कमीत कमी पाच हजार प्रती काढाव्या लागणार होत्या. बायबलमध्ये येशूने पाच हजारांना जेवू घातल्याची कथा आहे, तिच्यावरून त्यांनी अल्बमचं नाव ठेवलं 'द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड'. त्यातलं एक गाणं धर्मनिंदा करणारं आहे म्हणून तबकड्या दाबणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी काम करायला नकार दिला. बँडने ते गाणं काढलं, त्याजागी निव्वळ शांतता ठेवली आणि त्या शांततेला 'भाषणस्वातंत्र्याचा आवाज' अशा अर्थाचं नाव दिलं! याच क्रासच्या तबकड्यांवर कमाल किंमत ठळक छापलेली असे. दुकानदाराने त्याहून जास्त मागितली तर देऊ नका, असा गिऱ्हाइकाला सरळ सल्ला असे.

अटलांटिकपलीकडे वॉशिंग्टन शहरातली गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे शाळकरी वयाच्या मुलांचा 'टीन आयडल्स' नावाचा बँड होता. वर्षभर कार्यक्रम करून त्यांनी सुमारे सहाशे डॉलर साठवले होते. १९८० च्या अखेरीस बँड मोडला. पैसे वाटून घेण्याऐवजी त्यांनी त्यातून आपल्या ध्वनिमुद्रणाची तबकडी काढायचं ठरवलं, हजार प्रतींची. त्यासाठी इयन मॅकाय, जेफ नेल्सन आणि त्यांच्या साथीदाराने 'डिसकॉर्ड रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली. कव्हर कसं करतात हे माहीत नव्हतं, म्हणून एका इंग्लिश तबकडीचं कव्हर उकलून कागदावर ठेवलं, कडेने पेन्सिल फिरवली आणि तो नमुना छापखान्यात नेला. छापून आलेले कागद मित्रमैत्रिणींनी घरी बसून कात्रीने कापले, दुमडले, डिंकाने चिकटवले. पुढच्या तबकड्यांचीही हजारो कव्हरं अशीच हाताने झाली.

त्या पहिल्या कव्हरवर दोन हात आहेत आणि त्यांवर काळ्या शाईच्या फुल्या. दारू पिण्याचं वय न झालेल्या मुलांना कार्यक्रमाला येऊ द्यायचं, पण दारू द्यायची नाही, म्हणून क्लबच्या दारावर हातावर फुली मारत. इयन मॅकायचा पुढचा बँड 'मायनर थ्रेट'. त्यांच्या १९८१ सालच्या पहिल्या तबकडीत आठ गाणी आहेत. त्यातल्या मिनिटभराहूनही छोट्या एका गाण्याने दारू, अंमली पदार्थ यांपासून दूर राहणाऱ्या तरुणांच्या एका चळवळीला नाव दिलं, 'स्ट्रेट एज'. तेव्हा ती फुली बंदीची खूण होती, ती अभिमानाची खूण झाली. हे सगळं जिच्या पोटात आहे ती वस्तू केवढी? सात इंच व्यासाची.

आता संग्राहकांकडे वळू. तबकडी दुर्मीळ होते ती तीन वाटांनी. पहिली वाट गरिबीची: पैसेच नव्हते म्हणून पाचशे प्रती निघाल्या. दुसरी अपघाताची. १० मार्च १९७७ रोजी 'सेक्स पिस्टल्स' या बँडने लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याबाहेर 'ए अँड एम' या कंपनीच्या करारावर सह्या केल्या. आठवडाभरात कंपनीने करार मोडला आणि 'गॉड सेव्ह द क्वीन' या गाण्याच्या छापून तयार असलेल्या सुमारे पंचवीस हजार तबकड्या नष्ट करायला लावल्या. मोजक्या प्रती वाचल्या, त्यांना पुढे दहा हजार पौंडांहून जास्त किंमत आली. गंमत अशी, की तेच गाणं मे महिन्यात 'व्हर्जिन' कंपनीने काढलं आणि ते इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. म्हणजे गाणं घराघरांत पोचलेलं आहे. दुर्मीळ आहे तो फक्त मधला गोल कागद.

तिसरी वाट हौसेची किंवा विक्रीच्या युक्तीची. न्यूयॉर्कच्या 'जज' या हार्डकोअर बँडला १९८९ मध्ये आपल्या पहिल्या अल्बमचं ध्वनिमुद्रण पसंत पडलं नाही. त्यांनी ते सगळं पुन्हा केलं. मधल्या काळात आगाऊ पैसे भरून ताटकळलेल्या लोकांची समजूत म्हणून नापसंत ध्वनिमुद्रणाच्या शंभरेक प्रती पांढऱ्या विनाइलवर काढून पाठवल्या. आज हार्डकोअरच्या संग्राहकांत या नाकारलेल्या अल्बमला मोठी मागणी आहे. पुढे तर रंगीत विनाइलच्या शंभर-दोनशे प्रती मुद्दाम काढायची पद्धतच पडली.

जाणता संग्राहक तबकडी हातात घेतली की आधी प्रकाशात तिरकी धरतो. शेवटच्या खाचेनंतर, मधल्या कागदाच्या अलीकडे, मोकळी जागा असते. तिथे साच्याचा क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून आवृत्ती ठरते. पंकवाले या जागेत बारीक अक्षरात विनोद, शेरे, मित्रांना टोमणेही कोरून ठेवत. मग तो कव्हर पाहतो. 'स्पायरल स्क्रॅच' १९७९ मध्ये पुन्हा निघाली तेव्हा कव्हरवर बँडच्या नावासोबत पहिला गायक हॉवर्ड डिव्होटो याचंही नाव आलं. ते असेल तर प्रत पहिल्या आवृत्तीची नव्हे. शेवटी आतला कागद, म्हणजे गाण्यांचे शब्द, पत्ता, पुढच्या तबकडीची जाहिरात. तो हरवला असेल तर किंमत उतरते. ही सगळी काळजी घ्यावी लागते, कारण महाग तबकड्यांच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत.

इथे खरा पेच सुरू होतो. ज्या कव्हरवर 'यापेक्षा जास्त देऊ नका' असं छापलं आहे, त्यालाच कुणी शंभरपट किंमत देतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो. सुई कधी टेकवतच नाही, कारण वाजवली तर झिजेल. ज्यांनी ही गाणी केली त्यांचा हेतू याने उलटापालटा होतो, असं म्हणणारे अनेक आहेत आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. त्या वाढीव किमतीतला एक पैसाही बँडला मिळत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. या तबकड्या सरकारी संग्रहालयांनी तेव्हा फारशा जमवल्या नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या वह्यांत त्यांची नोंद नाही. १९७९ मध्ये दक्षिण लंडनमध्ये 'एलियन कल्चर' नावाचा एक पंक बँड निघाला. त्यातले तिघे पाकिस्तानी वंशाचे तरुण होते. वेगळ्या संस्कृतीचे लोक येऊन आपल्याला बुडवतील अशी इथल्या लोकांना भीती वाटते, असं मार्गारेट थॅचर १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर म्हणाल्या होत्या. त्या विधानावरून या पोरांनी बँडचं नाव ठेवलं. त्यांची एकच तबकडी निघाली, १९८० मध्ये, दोन गाण्यांची. घरात आईवडिलांचे रिवाज आणि रस्त्यावर वर्णद्वेष्ट्यांची दहशत, यांमधे सापडलेल्या मुलांचा तो आवाज आहे. परदेशात मुलं वाढवणाऱ्या कुठल्याही मराठी कुटुंबालाही तो ओळखीचा वाटेल. ती तबकडी ज्यांनी जपली, त्यांनी इतिहासाचं एक पान जपलं.

जपण्याच्या रीती मात्र निरनिराळ्या असतात. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या परिसरात टिम योहॅनन या गृहस्थाने १९७७ मध्ये पंकचा रेडिओ कार्यक्रम सुरू केला, त्यातून १९८२ मध्ये 'मॅक्सिमम रॉकन्‌रोल' हे मासिक निघालं. जगभरचे बँड परीक्षणासाठी तबकड्या पाठवत. त्या हजारोंनी साठल्या. त्यांच्या कव्हरच्या कडांना हिरवी चिकटपट्टी लावलेली असे. बाजारच्या दृष्टीने कव्हर खराब झालं, पण ही प्रत विक्रीची नाही, ग्रंथालयाची आहे, हे लांबूनही कळायचं. योहॅनन १९९८ मध्ये वारले, छापील मासिक २०१९ मध्ये थांबलं. संग्रह कशासाठी करायचा याचं उत्तर त्या हिरव्या पट्टीत आहे, असं मला वाटतं.

उलट दिशेची हालचालही घडली. १९८९ पासून 'किल्ड बाय डेथ' या नावाने काही तबकड्या निघाल्या. दोन-तीनशे प्रतींपलीकडे न गेलेल्या विस्मृत बँडची गाणी संग्राहकांनी आपल्या कपाटातून काढून, कुणाची परवानगी न घेता, त्यांत एकत्र केली होती. त्यामुळे ती गाणी नव्या लोकांनी ऐकली, आणि त्याच वेळी मूळ तबकड्यांचे भाव भडकले. संग्राहक वाचवतो आणि महागही करतो, दोन्ही एकाच हाताने.

आज विनाइलला पुन्हा बरे दिवस आले आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये १९८७ नंतर प्रथमच सीडीपेक्षा विनाइलचे अल्बम संख्येने जास्त विकले गेले. पण त्याआधी, २०२१ मध्ये, मोठ्या कलावंतांच्या मागण्यांनी कारखाने इतके भरून गेले होते, की पाचशे प्रती काढू पाहणाऱ्या छोट्या बँडना महिनोन् महिने थांबावं लागलं. ज्यांनी पडत्या काळात विनाइलचे कारखाने चालू ठेवायला हातभार लावला, तेच रांगेत मागे गेले.

तुम्हाला हे संगीत ऐकावंसं वाटलं तर लाखभर रुपयांची गरज नाही. डिसकॉर्डची जुनी गाणी आजही ती कंपनी रास्त भावात विकते, आणि फेरआवृत्तीतली गाणी तीच असतात. एखादी जुनी तबकडी हाती आलीच, तर ती उभी ठेवा, उन्हापासून लांब ठेवा. आतला कागद वाचा. कुणाच्या तरी घरचा पत्ता त्यावर असेल, कडेला वाळलेला डिंक असेल, कात्री जरा वाकडी गेलेली असेल. आणि मग ती वाजवा, शेजाऱ्याला हाक मारून वाजवा. चार चरे पडले तर पडू देत.