सही कोणाची?

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. घरी सरकारी कागद आला की वडील तो उलटसुलट करून पाहतात आणि माझ्यापुढे ठेवतात. कागदावर शिक्का आहे म्हणजे मजकूर खराच, अशी त्यांची श्रद्धा. गेल्या वर्षी ‘कमवा आणि शिका’ योजनेत कार्यालयात काम करताना या श्रद्धेची मला प्रकर्षाने आठवण झाली.

भाऊसाहेबांनी मला शिष्यवृत्तीची सूचना लिहावयास सांगितली. मी आवश्यक कागदपत्रांची यादी चॅटजीपीटीला दिली आणि क्षणार्धात सुबक मजकूर तयार झाला. शुद्धलेखन तर माझ्याहून सरस! भाऊसाहेबांनी चष्मा लावून तो वाचला व विचारले, “अरे, ही शेवटची तारीख कुठून आणलीस?” मी तारीख दिलीच नव्हती. यंत्राने ती आपणहून घातली होती आणि ती खऱ्या मुदतीच्या आठ दिवस नंतरची होती! ती सूचना फलकावर लागली असती, तर माझ्यासारख्याच कित्येकांची शिष्यवृत्ती बुडाली असती.

असे का व्हावे? ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झालेले चॅटजीपीटी किंवा तत्सम यंत्रे अफाट मजकुरावरून शिकतात आणि आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे संभवते, हे ठरवीत वाक्ये जुळवितात. अशा सूचनेत तारीख असते, एवढे त्यांना शिकलेल्या मजकुरावरून कळते. मूळ परिपत्रक समोर नसेल, तर रिकामी जागा ती अंदाजाने भरतात. म्हणून तारीख, रक्कम व नाव मूळ कागदाशी ताडून पाहिल्याखेरीज मसुदा पुढे जाऊ नये.

परंतु मजकूर बिनचूक असला की भागते, असेही नाही. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यानंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी महाविद्यालयातील एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीराचे पत्र पाठविले. तळाशी चॅटजीपीटीचा आधार घेतल्याची प्रामाणिक नोंद होती. तरीही विद्यार्थी दुखावले आणि कार्यालयास क्षमा मागावी लागली. दुःखाच्या प्रसंगी त्यांना माणसाचा शब्द हवा होता.

तिसरी गोष्ट गोपनीयतेची. फी सवलतीच्या अर्जात विद्यार्थी वडिलांचे उत्पन्न, जात, घरातील आजारपण लिहितो, ते कार्यालयावर विश्वास ठेवून. तो अर्ज जसाच्या तसा बाहेरच्या यंत्रात घालण्याचा आपणास काय अधिकार? आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला आहे. आणि सवलत कोणाला द्यावी, हा निर्णय तर अर्जदाराला उत्तर देऊ शकेल अशा माणसानेच घ्यावा.

याचा अर्थ यंत्र वर्ज्य करावे, असे मुळीच नाही. बोजड परिपत्रक सोप्या मराठीत आणणे, सभेच्या इतिवृत्ताची मांडणी करणे, पत्राचा कच्चा मसुदा करणे, या कामी त्याने माझे पुष्कळ तास वाचविले आहेत. मात्र त्या वाचलेल्या वेळातील थोडा वेळ पडताळणीला दिलाच पाहिजे.

दुरुस्त सूचनेवर प्राचार्यांची सही झाली, शिक्का बसला. ती वाचून कोणाचे तरी वडील निर्धास्त होणार होते. फलकावर लावण्यापूर्वी मी तारीख पुन्हा एकदा मूळ परिपत्रकाशी ताडून पाहिली.